९० चा ब्रेक, ११२ ची स्की

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तू कुडाळचा. पुण्यातल्या एका ओळखीच्याकडून जुनी रुंद स्कीची जोडी घेतलीस, कंबर, म्हणजे मधल्या अरुंद भागाची रुंदी, ११२ मिलिमीटर. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीवर पकडून ठेवणारी यंत्रणा, वेगळीकडून मिळालं, त्याचा ब्रेक ९० मिलिमीटरचा. बुटाच्या तळव्याची लांबी ३१५. प्रत्येक स्कीवर आधीच्या बाइंडिंगची आठ-आठ भोकं आहेत. फेब्रुवारीत गुलमर्गला जायचंय आणि त्याआधी सगळं घरीच बसवायचंय. तू तीन गोष्टी विचारल्यास: ब्रेक वाकवून रुंद करता येईल का, भोकं गावातल्या सुताराकडून मारून घेऊ का, आणि जुनी भोकं एम-सीलने बुजवली तर चालेल का.

उत्तरं: ब्रेक वाकवणं, तुझ्या बाबतीत नाही. सुतार, हो, पण तू शेजारी उभा राहून. एम-सील, अजिबात नाही. आता सविस्तर. काका म्हणालास, तेव्हा अरे-तुरेच करतो.

मी मालवणजवळ फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. त्याआधीचे काही हिवाळे गुलमर्गला स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात मागच्या खोलीत काढले, बाइंडिंग लावणं, काढणं, कडा घासणं, मेण लावणं. परत आल्यावर शेडमध्ये स्वतःच्या स्कीला बाइंडिंग लावत होतो तेव्हा शेजारचा म्हातारा सुतार येऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यां वल्ह्यां काय रे? आणि वल्ह्याक बूट कित्याक लायतस?" त्याचं अगदीच चुकलं नव्हतं. रुंद स्कीचा पाण्यावरच्या स्कीशी संबंध आहेच. शेन मॅकॉन्की नावाच्या अवलियाने चक्क वॉटर स्कीवर बर्फातली बाइंडिंग ठोकली आणि अलास्काच्या भुसभुशीत बर्फात उतरला. त्याच डोक्यातून पुढे २००२ मध्ये व्होलांट कंपनीची स्पॅचुला ही स्की बाजारात आली. म्हणजे घरी बसून भलत्या फळीवर बाइंडिंग लावायची खोड जुनीच आहे, लाजू नकोस.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की धर. होडीला इंजिन लावताना ते सुटू नये हीच एक काळजी असते. बाइंडिंगला कामं दोन: स्की करताना सुटायचं नाही आणि पडल्यावर मात्र सुटायचंच. पहिलं काम भोकं आणि स्क्रू यांच्यावर, ते तुला घरी जमेल. दुसरं काम स्प्रिंगच्या आकड्यावर, म्हणजे किती जोराला बूट सुटेल त्यावर, ते घरी करायचं नाही. या दोन्हींत गल्लत करणारेच गुडघे फोडून घेतात.

आधी ब्रेक, कारण तिथेच तुझं घोडं अडलंय.

ब्रेक म्हणजे बाइंडिंगच्या टाचेकडच्या तुकड्याखालचे ते दोन पोलादी हात. बूट दाबला की वर मिटतात, बूट सुटला की खाली येऊन बर्फात रुततात आणि रिकामी स्की पळून जाऊ देत नाहीत. मिटलेल्या अवस्थेत ते स्कीच्या दोन्ही कडांच्या बाहेरून वर यायला हवेत. म्हणून ब्रेकची रुंदी स्कीच्या कंबरेइतकी किंवा तिच्याहून थोडी जास्त लागते. साधारण १५ मिलिमीटरपर्यंत जास्त चालते. त्यापुढे गेलं की स्की कुशीवर कलंडवताना ब्रेकचे पाय बर्फात घासतात, नाहीतर दुसऱ्या स्कीला अडकतात.

तुझं गणित बघ. ११२ ची कंबर, ९० चा ब्रेक. २२ मिलिमीटर कमी, म्हणजे एका बाजूला ११. छापलेला आकडा आणि खरी रुंदी यांत थोडा फरक असतो, म्हणून व्हर्निअर लावून स्वतः मोज. पण ११ चा फरक मापातल्या चुकीने भरून निघत नाही.

हात वाकवता येतात का? येतात. मी वाकवले आहेत. १०० चा ब्रेक १०४ च्या स्कीला हवा असेल तर टाचेच्या तुकड्यातून ब्रेक सोडवतो, हाताचा भाग व्हाइसमध्ये धरतो. जबड्यांना चामड्याचा तुकडा, नाहीतर दात उमटतात आणि तिथूनच पुढे तडा जातो. मग पाइपाचा तुकडा हातावर चढवून थोडं थोडं बाहेर ओढायचं. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन, प्रत्येक वेळी मोजायचं. पोलाद स्प्रिंगचं असतं, ते परत मागे येतं, म्हणून हवं त्याहून जरा पुढे न्यावं लागतं. एका बाजूला चार-पाच मिलिमीटर ही माझी हद्द. त्यापुढे हात बाहेर फाकतात, मिटल्यावर प्लास्टिकचे पाय वरती न येता आडवे बाहेर राहतात, आणि ज्या प्लास्टिकच्या बिजागरीत ते फिरतात तिच्यावर तिरका ताण येतो. घरात छान चालतं. उणे दहाच्या थंडीत प्लास्टिक ठिसूळ झालं की तडकतं.

गॅसच्या शेगडीवर लाल करून वाकवतो म्हणशील तर हात जोडतो. लाल केलेल्या स्प्रिंग पोलादाचं पाणी उतरतं, मग तो हात मऊ सळई होतो, एकदा वाकला की वाकलेलाच राहतो. आणि बिजागरीचं प्लास्टिक तोपर्यंत वितळलेलं असतं.

म्हणून तुझ्यासाठी उपाय एकच: त्याच मॉडेलचा रुंद ब्रेक घे. बहुतेक डोंगरउताराच्या बाइंडिंगमध्ये ब्रेक सुटा बदलता येतो. कुणाचा एका स्क्रूवर असतो, कुणाचा सरकवून काढायचा असतो, ते त्या मॉडेलच्या पत्रकात बघ. ११२ ला ११५ किंवा १२० घे. १३० स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नको. कुणी परदेशातून येत असेल तर त्याच्याकडून मागव, ब्रेकची जोडी पिशवीच्या कोपऱ्यात मावते. मॉडेलचं पूर्ण नाव आणि बाइंडिंगवरचा आकडा नीट कळव, एकाच कंपनीचे दोन ब्रेक एकमेकांत बसतीलच असं नाही.

ब्रेक काढून टाकून नुसत्या दोरीवर भागवू का, असंही तू शेवटी हळूच विचारलंयस. नको. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर सोडतो. तिथून सुटलेली बिनब्रेकची स्की खाली माणसांत भाल्यासारखी जाते. पायाला दोरी बांधली तर पडल्यावर तीच स्की दोरीच्या टोकाला गरगर फिरून तुझ्याच डोक्यात बसते, आणि हिमस्खलनात तुला खाली ओढणारा नांगर होते. भुसभुशीत बर्फात स्की हरवू नये म्हणून लोक दीड-दोन मीटरची भडक रंगाची फीत बाइंडिंगला बांधून सुटं टोक पॅंटच्या पायात खोचतात. ती फीत स्की शोधायला, थांबवायला नव्हे. तेवढी लाव.

आता भोकं.

स्कीच्या पोटात काय असतं ते होडीवाल्याच्या भाषेत सांगतो. खाली पॉलिथिनचा बेस, कडेने पोलादी कडा, मध्ये लाकडाचा गाभा, त्याच्या वरखाली फायबरचे थर, काहींत अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा, आणि वर रंगीत प्लास्टिक. आमच्या होडीच्या मागच्या फळीचं, जिथे इंजिन टांगतात तिचं, बांधकाम जवळपास असंच: आत प्लायवूड, बाहेर फायबर. गेल्या पावसाळ्यानंतर एका होडीची ती फळी उघडली. वरून फायबर चकचकीत, कुठे ओरखडा नाही. पण बोल्टच्या एका भोकात कुणीतरी सीलंट न भरता बोल्ट ठोकला होता. तिथून पाणी आत झिरपत राहिलं, आणि आतलं प्लाय चमच्याने काढावा असा काळा चोथा झालेला. इंजिन नुसत्या फायबरच्या सालीवर लटकत होतं. स्कीतही हेच होतं, फक्त पाण्याऐवजी वितळलेला बर्फ. तुझी आठ-आठ जुनी भोकं उघडी असतील तर आधी ती बघ. काडीने आत कोरून बघ, लाकूड कोरडं आणि कडक लागलं पाहिजे. काडी रुतली, काळपट भुसा आला, तर ती स्की भिंतीवर शोभेला लाव.

लाकूड ठणठणीत असेल तर भोकं बुजवायची. एम-सील पाइपाची गळती थांबवायला उत्तम, पण ते घट्ट पीठ आहे, लाकडाच्या रेषांत शिरत नाही. बुच बसतं, पकड येत नाही. बाइंडिंगसाठी मिळणारे प्लास्टिकचे बुच असतील तर बरंच. नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात बीचवुडच्या गोल खुंट्या मिळतात, त्या पॉलिश पेपरने बारीक करून भोकात जेमतेम जातील अशा कर. सागाच्या करू नको. साग तेलकट, गोंद त्याला नीट धरत नाही, आणि आपल्याकडे प्रत्येक घरात सागाचाच तुकडा हाताशी असतो म्हणून हे मुद्दाम सांगतो. भोकात आणि खुंटीला एपॉक्सी लाव, ठोकून बसव, चोवीस तास हात लावू नको, मग धारदार पटाशीने वरचं टोक सपाट छाट. एपॉक्सी म्हणजे सावकाश वाळणारं अॅराल्डाइट, पाच मिनिटांत कडक होणारं नको. आणि कुणा होडीवाल्याच्या शेडमधून रेझिन मागून आणायचा विचार असेल तर थांब: आमच्याकडे डब्यात असतं ते बहुतेक पॉलिएस्टर. ते लाकडाला एपॉक्सीसारखं चिकटत नाही आणि धक्क्याला फुटतं. होडीवर जाड थरात चालतं, एवढ्याशा भोकात चालत नाही.

नव्या भोकांची जागा ठरवताना नियम असा: नव्या आणि जुन्या भोकाच्या मध्यात किमान १० मिलिमीटर. त्याहून जवळ आलं तर मधली भिंत फुटते. आधी कागदावर नव्या बाइंडिंगचा नमुना स्कीवर ठेवून बघ. एखादं भोक जुन्याला चाटत असेल तर सगळा नमुना एक सेंटिमीटर मागे किंवा पुढे ने. रुंद स्कीवर भुसभुशीत बर्फासाठी मागे नेणं मला बरं वाटतं, टोक जरा वर तरंगतं. दोन्ही स्की सारख्याच सरकवायच्या, हे सांगायला नको होतं, पण एकाने विसरून दाखवलंय.

नमुना म्हणजे बाइंडिंगच्या भोकांचा कागदी आराखडा. छापताना शंभर टक्के मापाने छाप आणि कागदावर मोजपट्टीची रेघ असते ती पोलादी पट्टीने ताडून बघ. छपाईच्या दुकानातलं यंत्र कागदात बसवायला चित्र गुपचूप लहान करतं. दोन टक्के लहान झालं तरी भोकं चुकतात.

मध्यरेषा हे रुंद स्कीचं खरं दुखणं. अरुंद स्कीवर बाइंडिंग दोन मिलिमीटर बाजूला गेलं तर डोळ्याला लगेच खटकतं. ११२ च्या फळीवर ते दिसतच नाही, बर्फावर उतरल्यावर एक पाय सारखा आत वळतो तेव्हा कळतं. डोळ्यावर विसंबू नको. मी असं करतो: बाइंडिंगच्या जागेवर मास्किंग टेप लावतो. वहीच्या कागदाची पट्टी स्कीवर आडवी, गुण्याने काटकोनात ठेवतो, दोन्ही कडांवरून नखाने घडी मारतो. मग पट्टी काढून घडीवर घडी आणून दुमडतो, मध्ये जी नवी घडी पडते तो मध्य. मोजपट्टी नाही, भागाकार नाही, चूक व्हायला जागाच नाही. बोटाच्या पुढे, मागे, टाचेच्या पुढे, मागे अशा चार जागी हे करायचं आणि चार खुणांवरून सूत धरायचं. चारही खुणा सुतावर आल्या तर रेघ मार. एक जरी बाहेर राहिली तर ती पट्टी परत दुमड.

आडवी रेघ स्कीवर कंपनीने छापलेली असते. बुटाच्या तळव्यावर बाजूला मध्याची खूण असते. ती खूण त्या रेघेवर यायला हवी. तुझा तळवा ३१५, म्हणजे पुढच्या टोकापासून १५७.५ वर मध्य. बुटावरची खूण तिथेच आहे का हे एकदा मोजून घे. बुटाचा नंबर २७ की २७.५ याच्याशी इथे काही संबंध नाही, तळव्याची लांबीच बघायची.

आता ड्रिलचं बिट. स्कीच्या वरच्या बाजूला, बाइंडिंगच्या जागेजवळ, बारीक अक्षरांत भोकाचं माप छापलेलं असतं. बहुतेक मोठ्या माणसांच्या स्कीला पत्र्याचा थर नसेल तर ३.५ मिलिमीटर जाडीचं आणि ९ मिलिमीटर खोल. पत्र्याचा थर असेल तर ४.१ जाडीचं, खोली तीच. पत्रा असताना ३.५ ने भोक मारलं तर स्क्रू आत जाताना पत्रा वर उचलतो आणि थर सुटतात. ४.१ साध्या हार्डवेअरमध्ये मिळणार नाही. यंत्रशाळांना माल देणाऱ्या दुकानात ०.१ च्या टप्प्याने बिट असतात, कुडाळला एमआयडीसी आहेच, तिकडे विचार.

खोलीची गोष्ट जरा रंगवून सांगतो, कारण ती मी अंगावर घेतलीय. पहिल्यांदा घरी बाइंडिंग लावलं तेव्हा खोलीची खूण म्हणून बिटवर लाल चिकटपट्टी गुंडाळली होती, सगळेच करतात तशी. पहिली तीन भोकं झकास. चौथ्याला बिट गरम झालं, पट्टीचा गोंद सुटला, पट्टी वर सरकली आणि मी पट्टीकडे बघत बघत दाबत राहिलो. आवाज बदलला. आधी लाकडाचा कोरडा किरकिराट होता, एकदम मऊ, मेणात जावं तसा झाला. बिट उलटं फिरवून काढलं तर त्याच्या नळीत काळ्या बेसच्या कुरळ्या निघाल्या. स्की उलटी केली, बेसच्या मधोमध बारीक भोक. ओटीवर बसून अर्धा तास त्या भोकाकडे बघत होतो. त्यानंतर चिकटपट्टी कधी वापरली नाही.

त्याऐवजी हे कर. कडक लाकडाचा एक चौकोनी ठोकळा घे. त्यातून ड्रिल स्टँडवर त्याच बिटने सरळ आरपार भोक पाड. मग बिट मशीनमध्ये बसव, ठोकळा बिटवर चढवून मशीनच्या जबड्याला टेकव आणि बघ, खाली किती बिट बाहेर येतं. ठोकळा घासून किंवा कापून ते बरोबर ९ वर आण. आता ठोकळा स्कीला टेकला की मशीन खाली जाऊच शकत नाही, आणि ठोकळ्याचा तळ सपाट असल्यामुळे भोकही सरळ पडतं. एक फळी घेऊन दहा भोकं सरावाची मार, प्रत्येकाची खोली व्हर्निअरच्या शेपटीने मोज. सुताराला बोलावलंस तर हा ठोकळा त्याच्या हातात दे. त्याचा हात तुझ्याहून सरळ असेल यात शंका नाही, पण त्याला सवय आरपार भोकाची, नाहीतर "बसांदे घट्ट" म्हणून जरा खोलच मारायची. म्हणून शेजारी उभा राहा म्हटलं.

मारायच्या आधी प्रत्येक खुणेवर टोच्याने नाहीतर सेंटर पंचने खड्डा पाड, नाहीतर वरच्या गुळगुळीत प्लास्टिकवर बिट घसरतं. मारून झाल्यावर भोकाच्या तोंडाशी प्लास्टिकची उभी कड उरते. मोठं बिट हातात धरून दोन वेढे फिरव, ती कड निघून जाते. ती राहिली तर बाइंडिंग स्कीवर सपाट बसत नाही आणि पहिल्याच दिवसात सैल होतं. बुरादा फुंकून नको, थुंकी जाते. पंप किंवा ब्रश वापर.

मी आधी फक्त पुढचा तुकडा लावतो. मग बूट त्यात बसवतो, टाचेचा तुकडा मागे नुसता ठेवतो आणि बुटाची टाच मध्यरेषेवर येते का ते बघतो. आली तरच मागची चार भोकं. टाचेचा तुकडा रुळावर पुढेमागे सरकतो, तो तुझ्या बुटाला सरकण्याच्या साधारण मध्यावर येईल अशी जागा धर, म्हणजे पुढे बूट बदललास तर दोन्हीकडे वाव राहील.

स्क्रू. डोक्यावर फुलीसारखी खाच दिसते, पण ती साधी फुली नसते. फुलीच्या चार हातांच्या मध्ये चार बारीक रेषा दिसल्या की ते पोझिड्राइव्ह, आणि त्याला तीन नंबरचं पोझिड्राइव्ह टोकच लागतं. साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर आत बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की वर येतो आणि डोकं खाऊन टाकतो. पुढच्या आणि मागच्या तुकड्याचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात, गठ्ठा एकत्र करू नको. बाइंडिंगमधून घालून बघ, खाली बाहेर येणारा स्क्रू भोकाच्या खोलीहून लांब असेल तर बेसवर खालून फोड उठते.

भोकात पाण्याला टिकणारा पांढरा लाकडाचा गोंद एक थेंब. तो स्क्रूला सरकायला मदत करतो, लाकूड बंद करतो आणि उद्या स्क्रू काढायचा झाला तर सोडतोही. पत्र्याच्या स्कीत आधी टॅप फिरवून आटे पाडायचे. टॅप नसेल तर स्क्रू अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे असा दमाने. सगळे स्क्रू आधी सैल बसव, मग कोपऱ्याकोपऱ्याने आवळ, होडीच्या इंजिनाच्या हेडचे बोल्ट आवळतात तसे. शेवटचे वेढे हातानेच. धडधड करणारं इम्पॅक्ट मशीन या कामाच्या आसपासही नको. स्क्रू आवळला जात असतानाच अचानक हलका फिरला, तर आटे गेले. मग तो काढ, भोकात एपॉक्सी भर, त्यात फायबर मॅटचे दोन-चार तंतू बारीक कापून घाल, स्क्रू बसव आणि एक दिवस सोड. असा स्क्रू पुढे काढायचा असेल तर डोक्यावर तापलेलं सोल्डरिंग आयर्न मिनिटभर धरायचं, एपॉक्सी मऊ होतं. पुढे कधी एकच स्की दोन बाइंडिंगना वापरायची असेल तर स्टीलचे आट्यांचे इन्सर्ट बसवतात, पण पहिल्या कामाला तो खटाटोप करू नको.

हे सगळं दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर कर. पावसाळ्यात एपॉक्सीवर चिकट साय येते आणि लाकूड आधीच ओल पिऊन बसलेलं असतं.

इथवर घरचं काम. पुढचं अर्धं घरचं, अर्धं नव्हे.

बूट आणि बाइंडिंग एका जातीचे आहेत का ते बघ. डोंगरउताराचा सपाट, कडक तळव्याचा बूट वेगळा, चालायला सोयीचा रबरी, किंचित वळलेल्या तळव्याचा ग्रिपवॉक वेगळा, चढाईचा वेगळा. बाइंडिंगवर आणि बुटावर खुणा असतात, त्या जुळल्या नाहीत तर पुढची सगळी मेहनत फुकट. मग टाचेचा पुढे रेटणारा दाब. बूट आत घातल्यावर टाचेच्या तुकड्यावर एक खूण किंवा स्क्रूचं डोकं ठरावीक जागी यायला हवं, ती जागा मॉडेलगणिक वेगळी, पत्रकात दिलेली असते. हे तू घरी करू शकतोस.

सुटण्याचा आकडा मात्र नाही. वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि तू कसा स्की करतोस, यांवरून आयएसओ ११०८८ च्या तक्त्याने तो ठरतो. स्कीची रुंदी त्या तक्त्यात नसते, म्हणून "रुंद आहे, जरा आवळतो" हा तर्क लावू नको. रुंद स्कीची कड बुटाच्या बाहेर लांब असते, कडक बर्फावर ती कलंडवताना गुडघ्याला जास्त पीळ बसतो, तेव्हा आवळण्याचा मोह उलट महागात पडतो. आणि बाइंडिंगवरच्या खिडकीत दिसतो तो आकडा आणि प्रत्यक्ष सुटण्याचा जोर एक असेलच असंही नाही, जुन्या बाइंडिंगमध्ये तर नाहीच. तो जोर टॉर्क मोजण्याच्या यंत्रावर बघावा लागतो. ओटीवर उभा राहून टाच पिळून बूट सुटला, म्हणजे यंत्रणा हलते एवढंच कळलं. ज्याच्याकडे यंत्र आहे अशा तंत्रज्ञाकडून जोडी तपासून होत नाही तोवर ती पायात घालू नको. फेब्रुवारीपर्यंत जमलं नाही तर गुलमर्गला भाड्याची घे, तुझी पुढच्या वर्षी. मला माहीत आहे, हे तुला आवडणार नाही.

आणखी एक, आपल्या हवेपुरतं. इथे खारी हवा लोखंड खाते. ब्रेकची स्प्रिंग आणि स्कीची कड पहिल्या पावसाळ्यातच तांबूस होते. परत आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुस, सावलीत वाळव, बेसवर आणि कडांवर मेणाचा जाड थर घाल आणि तो न घासता तसाच ठेव. कौलाखालच्या माळ्यावर नको, मे महिन्यात तिथे भाजून निघतं. बाइंडिंगमध्ये गंज सोडवणारा स्प्रे मारू नको. आत कंपनीने घातलेलं ग्रीस त्याने धुऊन जातं, आणि मग सुटण्याचा जोर कुणाच्याच हातात राहत नाही.

भोकं मारायच्या आधी दोन फोटो पाठव. एक, जुन्या भोकांवर पोलादी पट्टी ठेवून वरून सरळ काढलेला. दुसरा, स्कीवर छापलेल्या बिटच्या मापाचा, अक्षरं वाचता येतील एवढ्या जवळून. आणि तो ठोकळा तयार झाला की सरावाच्या फळीवरच्या दहा भोकांच्या खोल्या लिहून कळव. दहाही ८.८ ते ९ मध्ये आल्या तर स्कीला हात लाव.